ई-टेम्पोने मालवाहतूक: वाचकांच्या शंका

प्रश्न: मी पुण्यात मार्केट यार्डातून कात्रज-धनकवडीच्या दुकानांना भाजी पोहोचवतो. तीनचाकी ई-टेम्पो एका चार्जिंगमध्ये 120 किलोमीटर जाईल असे सांगितले होते; प्रत्यक्षात जेमतेम 80 मिळतात. गाडीत दोष आहे का?

उत्तर: बहुधा नाही. 120 हा आकडा ठरावीक पद्धतीने घेतलेल्या चाचणीतला असतो. आपला रस्ता यार्डातून कात्रजकडे चढत जातो आणि नेमकी चढावरच गाडी भरलेली असते; परतीच्या उतारावर ब्रेकमधून बॅटरीत वीज परत येते खरी, पण तोवर क्रेट रिकामे झालेले असल्याने ती थोडीच येते. दुसरे कारण भाराचे. टोमॅटोचा भरलेला क्रेट 25 किलोचा धरला, तर 500 किलो क्षमतेच्या गाडीत 20 क्रेट होतात. हौद्यात जागा दिसते म्हणून 28 रचले, की भार 700 किलोंवर जातो, मोटर आणि तिला मिळणारी वीज नियंत्रित करणारा कंट्रोलर तापतात, मागचे टायर दबतात आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागते. माझे आग्रहाचे सांगणे आहे, की दोन खेपा कराव्यात, पण एकविसावा क्रेट चढवू नये. टायरमधली हवा माल भरण्यापूर्वी मोजावी.

प्रश्न: डिझेलच्या तीनचाकीपेक्षा खरोखर बचत होते का?

उत्तर: फिरणे पुरेसे असेल तर होते. 80 किलोमीटरला चार्जरमधली गळती धरून 9 युनिट लागली आणि युनिट 10 रुपयांना पडले, तर खर्च 90 रुपये. डिझेलची गाडी लिटरला 30 किलोमीटर देते आणि डिझेल 90 रुपये आहे असे धरल्यास तेवढ्याच अंतराला 240 रुपये लागतात. रोज 30 किलोमीटरच फिरणाऱ्याची बचत मात्र 55-60 रुपयांवर येते, आणि त्याने कर्जाचा हप्ता मांडूनच निर्णय घ्यावा. चार्जिंगसाठी 15 अँपिअरचा स्वतंत्र प्लग आणि चांगले अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्ड कदापि वापरू नये.

प्रश्न: परमिट लागते का?

उत्तर: नाही. केंद्राच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने बॅटरीवरील वाहनांना परमिटमधून सूट दिली. नोंदणी, विमा, फिटनेस आणि चालकाचा परवाना मात्र आवश्यकच आहे. नंबरप्लेट हिरवी, अक्षरे पिवळी. बाजारपेठेतल्या ‘नो एंट्री’च्या वेळांतून मात्र ही सूट आपोआप मिळत नाही, त्यामुळे त्या वेळा वाहतूक पोलिसांकडून आधी विचारून घ्याव्यात.