एरर नेमका कोणाचा?

"मॅडम, सगळ्यांचं होतं, माझंच होत नाही. मी चुकीच्या ब्रँचला आलेय का?" डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांकडून हे मी दर सत्रात ऐकते, आणि बहुतेक वेळा मायक्रोप्रोसेसरच्या लॅबनंतरच.

अशाच एका मुलीची ही गोष्ट. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. प्रोग्राम दोन फाइलींचा होता. एकीने मजकूर वाचायचा, दुसरीतल्या प्रोसिजरने त्यातल्या मोकळ्या जागा आणि ओळी मोजायच्या. लिनक्सवर, नॅझममध्ये, म्हणजे असेंब्लीतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या एका असेंबलरमध्ये. एक एरर घालवला की दुसरा हजर, झोप उडालेली. मी पूर्वी सिस्टिम प्रोग्रामिंग शिकवायचे, म्हणून धीराच्या गोष्टी करण्याआधी म्हटलं, "लॅपटॉप उघड बघू."

पहिली तक्रार 'सिंबॉल बफर नॉट डिफाइन्ड'. व्याख्येत लहान 'बी', वापरताना मोठा. सीनियरकडून आलेल्या जुन्या नोट्स मॅझम या दुसऱ्या असेंबलरच्या होत्या. मॅझम एरवी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, नॅझम करतो. व्याख्या खाली आहे म्हणून सापडत नसेल, या समजुतीने ती डेटा सेक्शन उगाच वर-खाली हलवत बसली होती. असेंबलर फाइल एकदाच वाचून थांबत नाही. आधी नावांचा तक्ता बनतो, मग पत्ते भरले जातात. लेबल, म्हणजे कोडमधल्या जागेला दिलेलं नाव, खाली असलं तरी चालतं.

दुसरी जरा छुपी. टिंबाने सुरू होणारं लेबल, समजा '.नेक्स्ट', हे त्याच्या आधीच्या बिनटिंबाच्या लेबलच्या मालकीचं असतं. तिने मध्येच 'चेक' हे नवं लेबल घातलं आणि वरून मारलेली उडी '.नेक्स्ट'ला पोचेना. "काल चालत होतं, आज आपोआप बिघडलं!" 'चेक'लाही टिंब दिलं, मिटलं.

खरा गोंधळ पुढे होता. कुठेतरी वाचून ती न सापडणाऱ्या प्रत्येक नावाला एक्स्टर्न लावत सुटली होती. नॅझम गप्प झाला, तिला वाटलं सुटलो. पण एक्स्टर्न ही उधारी आहे: नाव दुसऱ्या फाइलीत मिळेल, वसुली लिंकरने, म्हणजे फाइली जोडून एक प्रोग्राम बनवणाऱ्याने, करावी. लिंकर आला तो 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतच, आणि ओळ क्रमांकाऐवजी '.टेक्स्ट'पुढे कसलासा आकडा दाखवत.

तिला दोन्ही एरर एकच वाटत होते. म्हटलं, आधी बोलतंय कोण ते बघ. फाइल आणि ओळ क्रमांक देऊन 'नॉट डिफाइन्ड' म्हणत असेल तर नॅझम. तेव्हा स्पेलिंग, अक्षर, टिंब तपास. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' दिसलं तर लिंकर. तेव्हा दुसऱ्या फाइलीत ते नाव ग्लोबल, म्हणजे बाहेरून दिसणारं, केलंय का आणि लिंक करताना नॅझमने बनवलेल्या दोन्ही ऑब्जेक्ट फाइली दिल्यात का, ते बघ. मग फाइलीतल्या नावांची यादी दाखवणारं 'एनएम' चालवायला लावलं. पहिल्या फाइलीत प्रोसिजरच्या नावाआधी 'यू', म्हणजे हवंय पण इथे नाही. दुसरीत त्याच नावाआधी लहान 'टी', म्हणजे आहे, पण फाइलीबाहेर दिसत नाही. नको तिथले एक्स्टर्न काढले, ग्लोबलची एक ओळ टाकली, लहान 'टी'चा मोठा झाला आणि प्रोग्राम लिंक झाला.

ती खूश होण्याऐवजी वैतागली. "एवढंच होतं?"

"मग लॅबमध्ये कोणाला विचारलं का नाहीस गं?"

तेव्हा खरं गाऱ्हाणं बाहेर आलं. बॅचमधली मुलं पहिल्या वर्षापासून एकत्र. काही विचारलं तर 'डिप्लोमावाली' म्हणून हसतील, ही धास्ती. पुढच्या भेटी त्यावरच गेल्या. ब्रँच बदलायचा विषय मी मुद्दाम सत्र संपेपर्यंत बाजूला ठेवला. एररने रडवलेल्या आठवड्यात असले निर्णय कोणाला घेऊ देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सरांकडे जाताना "माझं चालत नाहीये" ऐवजी काय म्हणायचं, याची आम्ही चक्क तालीम केली: तक्रार कोणाची, नाव कोणतं, एनएम काय दाखवतं.

नंतर तिने सरांना विचारलंही. या वेळी लिंकर 'एंट्री सिंबॉल', म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते 'स्टार्ट' हे नाव, सापडत नसल्याचा इशारा देत होता. एनएममध्ये 'स्टार्ट'आधी लहान 'टी' आहे, इतकं सांगेपर्यंत तिचं तिलाच कळलं, आणि सर काही बोलायच्या आत ती जागेवर परतली.