सहा आठवडे झाले, आता औषध थांबवू का?

प्रश्न : नातीला जन्मापासून सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग) आहे. चोविसाव्या दिवशी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे त्यावरचं औषध सुरू झालं, आता ती दोन महिन्यांची आहे. बेरा या ऐकण्याच्या तपासणीत कान ठीक निघाले. तरी डॉक्टर सहा महिने द्या म्हणतात. रक्त काढताना लेकरू काळंनिळं होतं. एवढ्या तान्ह्या बाळांवर हे औषध कुणी तपासलंय का?
– एक आजी, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : तपासलंय, आजी, आणि तुमच्याच प्रश्नावर. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चाचणीत (निकाल २०१५) लक्षणं असलेल्या ९६ बाळांना आधी सहा आठवडे हेच औषध दिलं. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले : एकाला सहा महिने पुरे होईपर्यंत औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधाचं द्रावण. सहाव्या महिन्यात कानांत ठळक फरक दिसला नाही. वर्षाचे झाल्यावर ऐकणं सुधारलेले किंवा चांगलं टिकलेले कान पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ५७. दोन वर्षांनी भाषेची समजही पहिल्या गटाची बरी होती. या आजारात ऐकणं उशिराही जातं, म्हणून आज कान ठीक असले तरी औषध मनाने बंद करू नका. बेरा पुन्हा पुन्हा करावीच लागेल.

रक्त काढतात ते न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोजायला; या औषधाने त्या घटू शकतात. आकडा ५०० च्या खाली गेला तर औषध थांबवतात, ७५० च्या वर आला की पुन्हा सुरू. चाचणीत पहिल्या सहा आठवड्यांत १९ टक्के बाळांच्या या पेशी फार घसरल्या. नंतर मात्र औषधवाल्या गटात २१ टक्के, बिनऔषधाच्या गटात २७! म्हणजे नंतरची सगळी घसरण औषधाच्या माथी मारता येत नाही. सहा आठवड्यांनंतर सुयाही कमी होतात; आठव्या आठवड्यात एकदा, मग महिन्याला.

खरी चूक मापात होते. मात्रा किलोला १६ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दुधासोबत. ३ किलोला ४८ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणाचं जेमतेम १ मिलि. वजन ४.२ किलो झालं की १.३ मिलि लागतं, पण घरात जुनीच खूण चालू राहते. दर महिन्याला वजन करून डॉक्टरांकडून माप बदलून घ्या. चमच्याने नको, २ मिलिच्या बिनसुईच्या सिरिंजने द्या, आधी बाटली हलवून.

बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर तर नकोच. द्रावण तयार केल्यापासून ४९ दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. हातमोजे घाला. घरात कुणी गरोदर असेल तर तिने बाटलीला हात लावू नये.