वाचकांचे प्रश्न : गावाचा पूरनकाशा कितपत खरा?

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमच्या गावात पाणी शिरले होते. विनामूल्य मिळणारी उपग्रहांची उंचीमाहिती घेऊन विद्यार्थ्यांकडून गावाचा पूरनकाशा करून घेतला, परंतु ज्या गल्लीत २०१९ मध्ये कमरेइतके पाणी होते, तीच गल्ली नकाशात कोरडी दिसते. आमचे कोठे चुकले?

उत्तर : आपली चूक फारशी नाही, ज्या माहितीवर नकाशा उभा आहे तिच्या मर्यादा मात्र समजून घ्यायला हव्यात. विनामूल्य उंचीमाहितीपैकी सर्वाधिक वापरली जाणारी माहिती फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने गोळा केली. तिच्यात ३० मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे नऊ गुंठ्यांना, एकच उंची दिलेली असते. इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळणारी कार्टोसॅट उपग्रहाची विनामूल्य उंचीमाहितीही याच मापाची आहे. शिवाय ही उंची जमिनीचीच असते असे नाही. दाट झाडी आणि घरांची छपरे तिच्यात मिसळतात, त्यामुळे चिंचेच्या झाडांखालची गल्ली टेकडीसारखी उंच भासू शकते. चूक काही मीटरचीही असू शकते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. म्हणजे ज्या चार फुटांवर सगळ्या जिल्ह्याची झोप अवलंबून असते, ते अंतर जेमतेम सव्वा मीटरचे आहे. ते या नकाशाच्या चुकीतच बुडून जाते.

दुसरी अडचण पाण्याची आहे. आपण बहुधा एक पातळी ठरवून तिच्याखालचा सारा भाग निळा रंगवला असेल. परातीत पाणी ओतल्यासारखी ही पद्धत तळ्याला चालते, नदीला नाही, कारण वाहत्या पुराच्या पृष्ठभागाला उतार असतो आणि आपल्या भागात त्याला फुगही येते. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि मागे पसरत जाते. म्हणून बंधाऱ्यावरचा फुटांचा आकडा थेट आपल्या गावाला लावू नये. तो त्या जागेवरच्या मोजपट्टीचा आकडा आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. सांगलीच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आहे म्हणून तेथील पूर कोल्हापूरपेक्षा दोन फूट ‘मोठा’ ठरत नाही, ते याच कारणाने.

यावर उपाय गावातच आहे. दोन्ही महापुरांच्या पूरखुणा अजून अनेक भिंतींवर असतील, आणि नसतील तेथे ‘पाणी कोनाड्यापर्यंत होते’ असे सांगणारी माणसे आहेत. पन्नास-साठ घरांतील खुणा, वर्ष आणि जमिनीपासूनची उंची यांसह नोंदवा. मग शाळेच्या पायरीसारखी एक पक्की जागा आधार धरून त्या सर्व खुणा एका पातळीत जुळवा. सर्वेक्षकाची दुर्बीण मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी लहान अंतरासाठी पुरेशी अचूक असते. माझ्या मते अशा साठ खुणांचे मोल आकाशातून घेतलेल्या साठ लाख चौकोनांपेक्षा अधिक आहे.

पाण्याचा विस्तार पडताळायला २०१४ पासून कार्यरत असलेल्या युरोपीय सेंटिनेल-१ उपग्रहमालेची रडारचित्रे उपयोगी पडतील, कारण ती ढगांतूनही घेता येतात आणि विनामूल्य आहेत. त्यांत संथ पाणी काळे दिसते. मात्र उभ्या उसात आणि दाटीच्या घरांमध्ये साचलेले पाणी ती अनेकदा दाखवत नाहीत, आणि उपग्रह गावावरून गेला तेव्हा पाणी शिखरावरच होते असेही नाही. शिरोळसारख्या उसाच्या तालुक्यात ही गोष्ट किरकोळ नव्हे.

शेवटी, पाणी कोठे येते हा केवळ धोका झाला, जोखीम, म्हणजे त्याने होऊ शकणारे नुकसान, त्यापुढची. तीन फूट पाणी शेतात आले तर पीक जाते, आरोग्य उपकेंद्रात आले तर औषधसाठा जातो. म्हणून घरांच्या जोत्याची उंची, गोठ्यातील जनावरे आणि विशेषतः रस्त्यावर सर्वांत आधी पाणी येणारी जागा नोंदवा. पुष्कळदा घर कोरडे असतानाच गावाचे बेट झालेले असते. रस्ते आणि इमारती ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशात भरल्यास शेजारच्या गावांनाही त्या वापरता येतील. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली व्यक्ती आहे ही नोंद मात्र ग्रामपंचायतीकडेच ठेवावी.

प्रश्न : शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर दोन वर्षांत दोनदा कसा येतो?

उत्तर : ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला पूर, तो येऊन गेला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षे सुटका होत नाही. तीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. पंचवीस वर्षांच्या पुरासाठी हाच हिशेब ७० टक्क्यांवर जातो. पाऊसमानच बदलत असेल तर जुन्या नोंदींवरून काढलेला तो एक टक्काही तपासून पाहावा लागतो.

प्रश्न : आमचा प्लॉट नदीच्या लाल पूररेषेच्या बाहेर आहे. निर्धास्तपणे बांधावे का?

उत्तर : सर्वसाधारणपणे नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या-लाल रेषांमध्ये नियंत्रित क्षेत्र मानले जाते, पहिली रेषा पंचवीस, तर दुसरी शंभर वर्षांच्या पुराशी जोडलेली आहे. या रेषा नदीच्या पुरासाठी आखलेल्या असतात. प्लॉटशेजारचा ओढा भराव टाकून अरुंद केला असेल, तर त्याचे पाणी या रेषांना विचारून येणार नाही. जोते ठरवण्यापूर्वी शेजारच्या जुन्या घरातील २०१९ ची खूण पाहून यावी आणि आपले जोते तिच्यापेक्षा निदान दोन फूट वर घ्यावे.