मिशनरी ट्रेनिंगचे शेवटचे दिवस : घरच्यांनी भेटायला जावं का?

तुमची धाकटी बहीण दोन वर्षांसाठी आफ्रिकेत सेवेला चालली आहे. ट्रेनिंगचे दहा-बारा दिवस उरलेत, फोनवर धड बोलत नाही, मध्येच रडते. आणि तुम्ही विचारताय की भेटायला जावं का, सोबत काय द्यावं, तिला कसं समजवावं.

भेटायला जाऊ नका. समजवायला तर अजिबात जाऊ नका. ती काही चुकीचं करत नाहीये, मग समजवायचं काय?

मी सोलापूरची. 2016 साली, वयाच्या 24व्या वर्षी आफ्रिकेतल्या मलावी देशात गेले आणि दोन वर्षं राहिले. खेड्यांतल्या बालवाड्यांत शिकवणाऱ्या बायकांना शिकवायचं काम होतं. ट्रेनिंग सहा महिन्यांचं. बायबलचे वर्ग, प्रथमोपचार, हिशेब, अहवाल लिहिणं, हे सगळं पाच महिन्यांत उरकतं आणि ते सोपं असतं. शेवटच्या पंधरवड्यात कागद सुरू होतात. तुमची बहीण रडतेय ती बहुतेक त्या कागदांमुळे, हे मी जवळजवळ खात्रीने सांगते.

आमच्या वेळी एका दुपारी आठ पानांचा फॉर्म हातात दिला. रक्तगट, ॲलर्जी, विमा इथपर्यंत ठीक. पाचव्या पानावर विचारलं होतं की परदेशात मृत्यू झाला तर दफन तिथेच करावं की देह भारतात आणावा. खाली दोन चौकोन, एकावर खूण करायची. शेजारी मिझोरमची मुलगी बसली होती, तिने पेन खाली ठेवलं आणि उठून नळावर तोंड धुवायला गेली. सातव्या पानावर लिहिलं होतं की असा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहा, जे तुम्हालाच माहीत असेल आणि इंटरनेटवर कुठेही सापडणार नाही. शिकवणाऱ्या सरांनी शांतपणे कारण सांगितलं. तुम्हाला कुणी पळवून नेलं आणि पैसे मागितले, तर तुम्ही जिवंत आहात याची खात्री या प्रश्नावरून करतात.

मी लिहिलं, "बाबा गिरणीतून आल्यावर डबा कुठे ठेवायचे?" बाबा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. गिरणी तर त्याच्याही कितीतरी आधी बंद पडलेली. शिलाई मशीनच्या पायट्याशेजारी ठेवायचे, हे मला आठवत होतं. पण एवढ्या मोठ्या कागदावर लिहायचं म्हणून खात्री करायला आईला फोन लावला.

"मशीनच्या पायाशी. का गं? हे कशाला लागतंय?"

"फॉर्ममध्ये आहे."

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "असलं कोण विचारतंय फॉर्ममध्ये?" मी काही बोलले नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. ती फाईल आता बंद झाली आहे, म्हणून इथे लिहू शकते.

तर, या दिवसांत ती फोनवर बोलत नसेल तर तिला बोलतं करू नका. "काय झालं, सांग ना" हा प्रश्न सगळ्यात वाईट, कारण जे झालंय ते घरी सांगण्यासारखं नसतं. तुम्ही बोला. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, पाणी किती दिवसांनी आलं, असलं काहीही. माझी आई रोज रात्री पाच मिनिटं असंच बोलायची. एकदा मी तिला मलावीतल्या चिचेवा भाषेतलं "कसे आहात" शिकवलं, "मुली ब्वांजी?" आई म्हणाली, "मुली? कुणाच्या मुली?" त्यानंतर रोज फोन उचलला की ती तेच म्हणायची आणि मी "न्दिली ब्विनो" म्हणायचे, म्हणजे मी बरी आहे. बरी नसले तरी तेच म्हणायचे, आणि ते तिला आवाजावरून कळायचं.

आता घरच्या विरोधाबद्दल. तुम्ही लिहिलंय की घरातले मोठे "इथं काय सेवा कमी आहे का" म्हणतात. हे वाक्य वाचलं म्हणूनच मी उत्तर लिहायला बसले.

निघण्याच्या आदल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाठवणीची प्रार्थना होती. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या 13व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना केलं, तशी. पाळकसाहेबांनी वडीलजनांना पुढे बोलावलं. माझे थोरले काका चर्चच्या कमिटीत होते, दुसऱ्याच बाकावर बसले होते. ते उठले नाहीत. आदल्या रात्री घरी येऊन सांगून गेले होते, "सोलापुरात गरीब संपले का? लग्नाची पोरगी एकटी पाठवायची, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार? मिशनरी म्हणजे गोरी माणसं, ती चार पैसे घेऊन येतात. आपण काय घेऊन जाणार?"

मी गुडघ्यांवर होते, डोळे मिटलेले. चार-पाच हात डोक्यावर आले. मग मागून चपलांशिवाय चालल्याचा आवाज आला आणि एक हात थेट कपाळावर टेकला. लसणाचा वास आला. आई पहाटेपासून खलबत्त्यात शेंगा चटणी कुटत होती, साबणाने दोनदा धुऊनही तो वास जात नाही. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बायकांच्या बाजूने उठून ती सरळ पुढे आली. प्रार्थना पाळकसाहेबांनी काय केली ते मला एक शब्द आठवत नाही.

काकांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, आता देते.

लग्नाची पोरगी म्हणता? 1827 साली सिंथिया फॅरार नावाची 32 वर्षांची अविवाहित शिक्षिका अमेरिकेतून जहाजाने मुंबईला आली. परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित अमेरिकन मिशनरींपैकी ती एक. मुंबईत आणि नंतर अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाशीही तिचं नाव जोडलं जातं, आणि 1862 साली ती नगरलाच वारली. तिच्याही घरी कुणीतरी काका असणारच. आपल्या आज्या-पणज्या वाचायला शिकल्या त्या अशा एकट्या आलेल्या बायकांमुळे. त्यांचे उपकार रविवारी उपदेशात मोजायचे आणि स्वतःची पोरगी निघाली की बाकावर बसून राहायचं, हे मला पटत नाही. तेव्हाही पटलं नव्हतं.

सोलापूरचा माणूस काय घेऊन जाणार? भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, ते जाऊन बघा. 1938 साली, 28 वर्षांचेही नव्हते तेव्हा, चीनला गेले. धर्मकार्याला नव्हे, डॉक्टर म्हणून, हे खरं. पण भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी परत न आलेले ते एकटेच. तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, 1942 साली तिथेच गेले. आपल्या गावाला हे नवीन नाही.

आणि मी काय घेऊन गेले ते सांगते. आमच्या गल्लीत तेलुगू, कानडी, मराठी आणि उर्दू रोज कानावर पडायची. भाजीवालीशी एक भाषा, मागावर कापड विणणाऱ्या शेजाऱ्यांशी दुसरी. शेवटच्या आठवड्यात सरावासाठी आम्हाला अनोळखी वस्तीत सोडलं होतं, अट अशी की आपली भाषा वापरायची नाही आणि संध्याकाळपर्यंत 20 शब्द शिकून यायचे. दिल्ली-मुंबईची इंग्रजी शाळेतली मुलं घामाघूम झाली. चुकीचं बोलायला लाजायचं नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

मलावीला पोचल्यावर चौथ्या दिवशी ज्या घरी राहत होते तिथली ताई लाकडी उखळात शेंगदाणे कुटत होती. भाजीत घालायला त्याचं पीठ करतात, न्सिंजिरो म्हणतात त्याला. मी मुसळ हातात घेतलं. तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग शेजारच्या दोघींना हाक मारून दाखवलं. त्या तिघींनी दोन वर्षं मला जे शिकवलं ते सहा महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. काकांना वाटत होतं की पैसे नसले म्हणजे माणूस रिकाम्या हाताने जातो.

"इथली सेवा" हे कारण पुढे करणाऱ्याला एकच विचारा, गेल्या महिन्यात ते सिव्हिलच्या वॉर्डात कुणाला भेटून आले का? जे खरंच इथे राबतात, त्यांच्या तोंडी हे वाक्य मी कधी ऐकलं नाही.

सोबत द्यायचं म्हणाल तर शेंगा चटणी आणि कडक भाकरी. दोन्ही टिकतात. चटणी दुहेरी पिशवीत, मोठ्या बॅगेत. कपडे, टॉर्च, चार्जर यांच्या याद्या संस्था देते, त्यात पडू नका. जमलं तर तिचा हातातला जुना स्टीलचा पेला द्या. माझ्याजवळ होता, मलेरियाच्या तापात त्यातूनच पाणी प्यायले.

काही गोष्टी मात्र राहिल्या, त्याही बघा. वर मी जाऊ नका म्हटलं, पण पासपोर्ट तिच्या स्वतःच्या हातात नसेल, संस्थेने काढून घेऊन ठेवला असेल, तर आजच गाडी पकडा. पर्यटक व्हिसावर कामाला पाठवत असतील तरीही. विमा, गंभीर आजारात परत आणण्याची सोय, तिथे तिच्यासाठी जबाबदार कोण, हे सगळं लेखी हवं, तोंडी चालणार नाही. आई-वडील खरंच अंथरुणाला खिळलेले असतील आणि बघणारं दुसरं कुणी नसेल, तर तोही वेगळा विचार आहे. आणि तिला स्वतःलाच जायचं नसेल, केवळ सगळ्यांना सांगून बसलीय म्हणून जात असेल, तर घरचा दरवाजा उघडा आहे एवढं एकदा सांगा. एकदाच.

पीतज्वराची लस ती जात असलेल्या देशासाठी किंवा वाटेतल्या देशासाठी लागते का, ते आत्ताच विचारा. अधिकृत केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं, म्हणजे तुमच्याकडे वेळ नाही. मलेरियाच्या काही गोळ्याही प्रवासाआधीच सुरू कराव्या लागतात, डॉक्टरांना विचारा.

ती दोन-तीन दिवस घरी येईल तेव्हा पाहुणे बोलावू नका. आम्ही रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला निघालो, स्टेशनवर आई आणि भाऊ, दोघंच होते. थोरले काका आले नव्हते. गाडी हलली तेव्हा आईने खिडकीतून हात घालून म्हटलं, "मुली ब्वांजी." मी म्हटलं, न्दिली ब्विनो.