टीव्हीवरची बातमी बघून भावानं गोळ्या बंद केल्या

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही सोलापूरला पूर्व भागात राहतो. माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, पण गोळ्यांवर एकदम चांगला आहे, कामावर जातो, पगार आईच्या हातात देतो. मध्यंतरी टीव्हीवर परदेशातल्या गोळीबाराची बातमी दिवसभर चालू होती, खाली सारखी पट्टी, ‘मनोरुग्ण माथेफिरूचा अंदाधुंद गोळीबार’. दोन दिवसांनी शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, ह्याला गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत नेऊ नका बाई, कधी काय करेल सांगता येत नाही. त्यानं ते ऐकलं. रात्री मला विचारतो, अक्का, मी पण असं करीन का गं? आणि गोळ्याच बंद केल्या, म्हणतो गोळ्या घेतो म्हणूनच लोक मला वेडा म्हणतात. खरंच असा धोका असतो का, सांगा की ओ. आणि कारखान्याच्या मालकाला कळलं तर काय करायचं?

उत्तर : ताई, पहिलं गोळ्यांचं बघा. किती दिवस चुकल्यात ते मोजून आजच त्याच्या डॉक्टरांना कळवा, परस्पर जुना डोस चालू करू नका. त्यांची भेट लवकर मिळत नसेल तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, आणि रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलीमानसला फोन करा, ती सरकारी सेवा आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता भावाचा प्रश्न. स्किझोफ्रेनिया असलेली बहुतेक माणसं आयुष्यात कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार खाणाऱ्यांत आणि फसवल्या जाणाऱ्यांत तीच जास्त असतात. धोका अजिबात नसतो असं मी म्हणणार नाही, उपचार बंद असतील आणि जोडीला दारू-गांजा असेल तर तो वाढतो, पण तुमचा भाऊ तर गोळ्या घेऊन कामावर जाणारा माणूस आहे. अमेरिकेतल्या अभ्यासांचा अंदाज असाय की गंभीर मानसिक आजार उद्या समूळ नाहीसे झाले तरी तिथली हिंसा साधारण ४ टक्क्यांनीच कमी होईल. बाकीचं सगळं दुसरीकडून येतं, राग, द्वेष, नशा, हाताशी असलेली बंदूक. गड्ड्याला त्याला खुशाल न्या, मंदिरात जाऊ दे, पाळण्यात बसू दे.

मग बातमीत आजार पहिल्या तासातच कुठनं येतो? कारण तेव्हा हातात माहिती काहीच नसते आणि स्क्रीन तर भरायची असते. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला एकाच माणसानं ७७ जणांना मारलं. पहिले काही तास कित्येक तज्ज्ञ टीव्हीवर इस्लामी दहशतवादाचं बोलत होते, आरोपी गोरा नॉर्वेजियन निघाला आणि चर्चा वेडाकडे वळली. कोर्टानं नेमलेल्या डॉक्टरांच्या पहिल्या जोडीनं स्किझोफ्रेनिया म्हटलं, दुसरीनं नाही म्हटलं, आणि २०१२ मध्ये कोर्टानं तो शुद्धीवर होता असं ठरवून शिक्षा दिली. त्यानं मुस्लिमद्वेषानं भरलेला हजारावर पानांचा मजकूर लिहून ठेवलेला होता, कटाची तयारी कितीतरी आधीपासनं चालू होती. हे सगळं ‘वेडा’ म्हटलं की झाकलं जातं, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे.

आपल्या जवळचं सांगायचं तर २५ जानेवारी २०१२. पुण्यात स्वारगेट डेपोतून एसटी पळवून चालकानं ९ जणांना चिरडलं, तो सोलापूर जिल्ह्यातलाच, म्हणून इथं ते अजून निघतं. ‘माथेफिरू’ हे नाव त्याला त्याच दिवशी चिकटलं. पुढं बचाव पक्षानं मानसिक आजाराचा मुद्दा कोर्टात मांडला, पण वेडाच्या भरात केलं हे कोर्टानं मानलं नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशीची जन्मठेप केली. रात्रपाळी बदलून मिळाली नाही हा वाद कोर्टात आला होता, तो किती जणांच्या लक्षात आहे?

अशा बातम्यांचा परिणाम मोजलेला पण आहे. २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात, मानसिक आजार असलेल्या माणसानं गोळीबार केला अशी एकच बातमी वाचायला दिली तरी वाचणाऱ्यांचं सगळ्याच रुग्णांबद्दलचं मत वाईट झालं. तुमच्या काकूंचं तेच झालंय, त्या दुष्ट नाहीत, त्यांनी टीव्ही बघितला. त्यांना एकदा चहाला बोलवा आणि भावासमोरच नीट बोला, त्याची तयारी असेल तरच हां.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ मधल्या कलम २४ प्रमाणे मानसोपचार केंद्रात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही. प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये मानसिक आजाराच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना पण काढल्यात. पेपरात असलं काही छापून आलं तर आधी संपादकाला लेखी कळवा, दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिलकडे जा, दैनिकासाठी मुदत बातमी छापल्यापासून दोन महिने असते. टीव्हीचं असेल तर आधी चॅनेलला लिहा.

मालकाला सांगायचं का नाही हे भावाला ठरवू दे, तुम्ही किंवा आईनं परस्पर सांगू नका. सांगायचं ठरलंच तर आजाराची सगळी कहाणी नको, डॉक्टरांची चिठ्ठी द्या आणि रात्रपाळी नको एवढंच मागा, कारण झोप मोडत राहिली की हा आजार परत डोकं वर काढतो.