दोबिन्यीचं एचिंग ओरिजिनल आहे की नुसती प्रिंट?

पॅरिसच्या जुन्या बाजारात दोबिन्यी या फ्रेंच चित्रकाराचं १८६२ चं नदी-होडीचं एचिंग दिसलंय, ते ओरिजिनल आहे की नुसती प्रिंट, आणि पैसे किती द्यावेत, असं तुम्ही विचारलंय. त्यातलं ‘नुसती’ वाचलं आणि मी कढईखालचा गॅस बंद करून लिहायला बसले.

आमच्या दाजींच्या वास्तुशांतीला मी माझं एक एचिंग दिलं होतं. एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर काढलेल्या रेघा अ‍ॅसिडने कोरायच्या आणि त्यात शाई भरून चित्र कागदावर उतरवायचं. माझी जस्ताची प्लेट, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये चारदा बुडवलेली. रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने सारत उभं राहायचं. फिकट ठेवायच्या रेघा व्हार्निशने झाकायच्या आणि प्लेट पुन्हा आत. मग शाई भरा, पुसा, शेवटी तळहात फिरवा, ओलसर कागद घाला, प्रेस ओढा. एका प्रतीला तास जातो. दाजींनी खालचं पेन्सिलीतलं ३/१५ वाचलं आणि पाहुण्यांसमोर विचारलं, “म्हणजे पंधरा झेरॉक्समधली तिसरी? मग मूळ चित्र कुठंय?” आजही ते बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये टांगलेलं आहे.

अहो, मूळ चित्र वेगळं नसतंच! प्लेटवर उलटं काढलेलं कागदावर सुलटं उतरतं, तेच चित्र. दोबिन्यी काही हौशी नव्हता, तरुणपणी पुस्तकांसाठी चित्रं करून पोट भरायचा. १८५७ मध्ये त्याने ‘बोतँ’ नावाची होडी घेतली आणि तिच्यावरच्या खोलीत बसून सेन आणि वाझ नद्यांवर चित्रं काढत हिंडला. १८६२ ची ‘होडीतला प्रवास’ ही मालिका त्यातूनच आली, कादार या प्रकाशकाने ती काढली. एका चित्रात तो होडीत बसून रंगवतोय. दुसऱ्यात होडीवरचा पोऱ्या, म्हणजे त्याचाच मुलगा कार्ल, निघालाय म्हणून मासे खूश झालेत. यात कॉपी कशाची?

तुमच्या कागदाचं म्हणाल तर चारी बाजूंनी दबलेली प्लेटची कड बोटाला लागते का बघा. भिंगाखाली रेघ सलग, किंचित उंचावलेली हवी. ठिपकेच ठिपके दिसले तर ती छापखान्यातली नक्कल, एक पैसा देऊ नका. पेन्सिलीतला आकडा शोधत बसू नका, त्या काळी तो रिवाज नव्हता.

आता हेही खरं, की नुसत्या कडेवरून खात्री होत नाही. फोटोवरून केलेल्या प्लेटलाही तशी कड येते. शिवाय चित्रकार गेल्यावरही जुन्या प्लेटांवरून प्रती निघतात, आणि दोबिन्यी १८७८ मध्येच गेला. कागद हातात घेतल्याशिवाय मी किमतीचं बोलणार नाही, तिथल्या प्रिंटच्याच जाणत्या व्यापाऱ्याला दाखवा.

घेतलंत तर फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका, काच आणि कागदामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. आणि ओलीच्या भिंतीवर लावू नका. पॅसेजमधल्या माझ्या चित्रावर गेल्या पावसाळ्यात तपकिरी डाग पडले. दाजी म्हणाले, “आता कसं ओरिजिनल दिसतंय!”