बाराव्या दिवशी बंद पडलेली वही

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं थंडीच्या दिवसांतल्या मनाविषयी आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ते लिहिणाऱ्या बाईंच्या जागी आपल्या गावातल्या कितीतरी बाया आहेत.

प्रश्न: माझं वय ४६. आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. बोलणंही अडखळतं. मिस्टर पाळीवर कामाला जातात, मुलगा नोकरीसाठी पुण्यात. नळाला पाणी यायच्या दिवशी मी पहाटे चारला उठते, एरवी साडेपाचला. थंडीत उठल्यावर तास-दीड तास अंधारात एकटीच काम करत असते, तेव्हा छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. मैत्रिणीनं एक व्हिडिओ पाठवला: रोज रात्री तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा, महिन्यात आनंदी व्हाल. मी वही आणली. सूर्योदय, चहा, आरोग्य, देव असं अकरा दिवस लिहिलं. बाराव्या दिवशी पेन हातात धरून रडत बसले. सगळं खोटं वाटलं. दुपारी सासूबाईंची खाट दारापाशी उन्हात ओढते. अंगावर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः मागावर विणलेली चादर असते. तेवढा वेळ त्या शांत असतात आणि मी शेजारी शेंगा फोडत बसते. बाकीचा दिवस कसा जातो कळत नाही. दोन वर्षं सिद्धेश्वराच्या यात्रेला, आपल्या गड्ड्यालासुद्धा गेले नाही. मी कृतघ्न आहे का?

उत्तर: ताई, मुळीच नाही. आणि ती वही आता रोज उघडू नका.

तुमची यादी पुन्हा बघा. सूर्योदय, चहा, आरोग्य. हे शब्द त्या व्हिडिओतले आहेत, तुम्ही ते फक्त उतरवून काढलेत. ‘आरोग्य’ लिहिताना तुमची कंबर दुखत असणार, सासूबाईंचं अंग पुसून झालेलं असणार. मग ते खोटं वाटलं यात नवल काय? चादरीबद्दल लिहिताना मात्र तुम्ही स्वतःच्या शब्दांत बोललात, तेही जाता जाता, तक्रारीच्या मध्येच.

आपल्या घरांतून सोलापुरी चादरी इतक्या असतात की त्यांच्याकडे कुणी बघत नाही. उद्या दुपारी खाटेशेजारी बसाल तेव्हा बघा. जेकॉर्ड मागावरच्या त्या चादरीला वाईट बाजू नसते. वर लालावर पांढरं फूल असेल तर उलटून बघा, खाली पांढऱ्यावर लाल दिसेल. किनारीपासून आत हळूहळू बोट फिरवत न्या. धागा तुटला की विणकर माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुन्हा माग सुरू करतो. अशी एखादी बारीक गाठ तुमच्या बोटाला लागेल, तांदळाच्या कणीएवढी. ती तुमच्या सासऱ्यांनी मारलेली आहे. त्या आवाजात, त्या धुरळ्यात, पाळी संपायची वाट बघत. आज त्यांची बायको त्याच गाठीखाली शांत झोपते, आणि तिची खाट उन्हापर्यंत तुम्ही ओढत नेता.

सासूबाईंना विचारा, ही चादर कधीची? त्यांना बोलायला त्रास होतो, तर मान हलवून उत्तर देता येईल असं विचारा. लग्नाआधीची का? माझ्या मिस्टरांच्या जन्मानंतरची का? मामांनी घरी आणली तेव्हा तुम्ही रागावला होतात का, की पैसे कशाला घातले? आणि मग त्यांना मोठ्यानं सांगा की मामांच्या या चादरीमुळे माझी दुपार बरी जाते. हे वहीत लिहू नका, त्यांना ऐकू द्या.

हे मी नुसतं मनानं सांगत नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सहा आठवडे कृतज्ञतेच्या यादीचा प्रयोग केला होता. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना बरं वाटलं. तीनदा लिहिणाऱ्यांना तसा फरक पडला नाही. तुम्ही तर रोज लिहीत होतात. २००५ साली मार्टिन सेलिगमन यांच्या गटानं वेगळंच काम दिलं: ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, अशा एका माणसाला पत्र लिहा आणि ते त्याच्या हातात नेऊन द्या. आठवड्याभरानं सगळ्यांत मोठा फरक याच लोकांत दिसला आणि तो महिनाभर टिकला.

आता माझं सांगते. माझी आई फेब्रुवारीत गेली. त्याआधीच्या डिसेंबरात ती रोज सकाळी नऊच्या सुमाराला दक्षिण कसब्यातल्या आमच्या ओट्यावर हरभऱ्याचे डहाळे घेऊन उन्हात बसायची. मी शाळेत शिकवत होते. डबा, वह्यांचा गठ्ठा, रिक्षा, नुसती धावपळ. ती रोज म्हणायची, “बस की गं जरा, कुठं पळलालीस?” मी रोज पळायचे. एका रविवारी बसले. डहाळ्याच्या पानांवर आंब असते, हिवाळ्यात जास्तच. घाटे सोलता सोलता बोटं आंबट होतात. आई मधूनच बोट चाटायची, डोळे बारीक करायची आणि पुढचा घाटा घ्यायची. एखादा घाटा पोकळ निघाला की तो कानाशी नेऊन फोडायची, फट्ट असा आवाज यायचा. तिच्या हिरव्या लुगड्यावर टरफलं पडलेली, पायाशी ऊन. आम्ही काही विशेष बोललो नाही. त्या रविवारचं मला सगळं आठवतं. बाकीच्या दिवसांचं, मी घाईत होते एवढंच आठवतं. तुम्ही शेंगा फोडत बसता ना, ते सोडू नका. त्या वेळात भांडी राहू द्या.

सकाळच्या अंधाराबद्दल. तुम्हाला तो उगाच जास्त वाटत नाही. डिसेंबरात दिवस सर्वांत लहान होतो, आपल्याकडे जेमतेम अकरा तासांचा. पण सूर्य उगवायला सगळ्यांत जास्त उशीर होतो तो त्यानंतर, संक्रांतीच्या सुमाराला, सातच्या आसपास. संध्याकाळ मात्र नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच हळूहळू लांबत असते. म्हणून पहाटेची सगळी कामं एका दमात उरकून टाकायचा हट्ट नको. सात वाजले की हातातलं ठेवा, चहाचा कप घेऊन दारात किंवा गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं उजेडात उभ्या राहा. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ लागतं, रात्रीची झोपही त्यानं सुधारते.

आणि एक स्पष्ट बोलते. दोन वर्षं एकटीनं आजारपण काढणाऱ्या बाईला कृतज्ञतेची वही देऊन भागत नाही. तिला चार तासांची सुट्टी लागते. मिस्टरांना साप्ताहिक सुट्टी असेलच. मुलाला सांगा, संक्रांतीला दोन दिवस ये आणि आजीजवळ बस. “तुला जमेल का” असं विचारू नका, दिवस सांगा. यात्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतील तेव्हा तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या हव्यात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते सात ध्वज तोलत येतात आणि “एकदा भक्तलिंग” म्हटल्यावर सगळा रस्ता “हर्र” म्हणतो, त्यात तुमचाही आवाज हवा.

छातीवरचा दगड पंधरवड्याहून जास्त दिवस हलला नाही, झोप किंवा भूक उडाली, जगणं नको वाटलं, तर वाट बघू नका. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा सरकारचा ‘टेली मानस’ क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, रात्रीसुद्धा, आणि मराठीत बोलता येतं. पहाटे चारलाही लावता येतो.

प्रश्न: निवृत्त आहे, वय ६४. कंबर तलावावर रोज फिरायला जातो. मुलीनं सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, ऑनलाइन वर्ग लावून दिला. श्वासावर लक्ष ठेवा म्हणतात. दोन मिनिटांत माझं मन जुन्या कचेरीत, नाहीतर भावाबरोबरच्या जागेच्या वादात. माझ्यानं हे होणार नाही असं दिसतं.

उत्तर: भाऊ, मन गेलं हे तुमच्या लक्षात आलं ना? मग तुमचा अभ्यास चालू आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी हे शिकवायला सुरुवात केली. आठ आठवड्यांच्या त्या वर्गात सुरुवातीलाच श्वास नसतो, मनुका असतो. एकच मनुका. आधी बघायचा, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि सावकाश चावायचा. आपल्या पंढरपूर भागात बेदाणा पिकतो आणि आपण तो मूठभर तोंडात टाकतो!

तुम्हाला तर मनुकाही नको. हे हुरड्याचे दिवस आहेत. कुणाच्या शेतावर आगटीशी बसाल तेव्हा पहिलं कणीस स्वतः चोळा. तळहात भाजतात, म्हणून कणीस या हातातून त्या हातात जातं. फुंकर मारली की कोंडा उडतो आणि हिरवे दाणे उरतात. ते घास भरून खाऊ नका. पहिले पाच-सहा दाणे एकेक करून खा, चटणी न लावता. गुळभेंडी ज्वारीचा गोडवा तेव्हाच कळतो.

तलावावर एक फेरी मोबाइल खिशात ठेवून मारा, पावलं मोजू नका. एकच पक्षी निवडा आणि तो उडेपर्यंत बघा. थंडीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर येणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. कधी मुलीला घेऊन तिकडेही जा. भावाचा वाद मनात आला तर येऊ द्या, पुन्हा पक्ष्याकडे बघा. शंभरदा असं झालं तरी चालेल. फक्त उजाडल्यावर बाहेर पडा. तुमच्या वयात थंडीत रक्तदाब वाढू शकतो, कानटोपी हवीच.

प्रश्न: मी २२ वर्षांची, मूळची सोलापूरची, नोकरीसाठी पुण्यात. भोगीला घरी जाता येणार नाही. सगळ्यांचे हुरडा पार्टीचे, गड्ड्याचे फोटो बघून रडू येतं. मन कुठं रमवू?

उत्तर: बाळ, फोटो बघणं त्या दोन दिवसांपुरतं बंद कर आणि आजीला फोन लाव. “कशी आहेस” एवढं विचारून ठेवू नकोस, भोगीची भाजी कशी करतेस ते विचार. आजी सांगायला लागली की मध्ये बोलू नकोस. गाजर, वांगी, घेवडा, ओला हरभरा, बोरं, शेंगदाणे, जे मंडईत मिळेल ते आण. खोलीवर शेगडी असेल तर एक भाजी सहज होते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी जमली नाही तर पोळीनंही चालेल. खोलीतल्या मैत्रिणींपैकी जिला घर आठवतंय असं वाटतं, तिला आधी वाढ. तीळ भाजताना आच मंद ठेव आणि शेगडीपासून हलू नकोस. तडतडायला लागले की लगेच उतरव, नाहीतर कडवट होतात.